पहिलीच्या मुलांना एक महिना द्या

येत्या काही दिवसांत शाळा उघडतील. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा, बाकी राज्यात जूनच्या मध्यावर. लाखो मुलं पहिलीच्या वर्गात पहिल्यांदाच पाऊल टाकतील. पालक, शिक्षक, अंगणवाडीताई, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ज्यांच्या घरात आज शाळेत जाणारं मूल नाही तेसुद्धा, अशा सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे : शाळा उघडल्यापासूनचा पहिला महिना या मुलांना रुळायला द्या. त्या महिन्यात अक्षरांची, अंकांची घाई करू नका. मूल वर्गात निर्धास्त बसू लागलं, बाईंना आपणहून हाक मारू लागलं, न घाबरता लघवीला जाऊन परत जागेवर आलं, की त्या महिन्याचं काम झालं असं समजा.

ही मागणी वावगी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सगळा काळ एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्या धोरणानुसार २०२१मध्ये आलेल्या ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रमात पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारी करून घेण्यासाठी ठेवले आहेत. सरकारने तीन महिने दिले आहेत, आम्ही एकच मागतो आहोत. आपल्याकडे ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही गावोगाव होतात, आयांचे गट बनतात. एवढं सगळं असूनही दुसऱ्या आठवड्यात वर्गात उभ्या-आडव्या रेघा सुरू होतात, कारण फाटकाशी उभे असलेले पालक विचारू लागतात, ‘बाई, अजून लिहायला नाही घेतलं?’ शिक्षकावरचा हा दाब घरातून येतो, हे आपण पालकांनी मान्य केलं पाहिजे आणि यंदा तो प्रश्न महिनाभर तरी विचारायचा नाही असं ठरवलं पाहिजे.

मुलांचं वय बघा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये वर्गात आलेलं एक मूल साडेपाच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी साडेसहाचं बसलेलं असतं. या वयात एका वर्षाने बोटांतली ताकद बदलते, बोलणं बदलतं, रडू आवरण्याची शक्तीही बदलते. दोघांना एकच माप लावून धाकट्याला ‘मंद’ ठरवणं हा उघड अन्याय आहे. तो बहुतेक वेळा याच पहिल्या महिन्यात होतो आणि तो शिक्का मुलाला वर्षानुवर्षं पुसता येत नाही.

मुलाचं कालपर्यंतचं जग आठवा. अंगणवाडी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. ताई गल्लीतलीच, आजीच्या ओळखीची. कंटाळा आला तर उठता यायचं, झोप आली तर कोपऱ्यात लवंडता यायचं. १९४५मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेलं, ते मूल जिथे निर्धास्त असतं तिथेच शिकतं हे ओळखून. पहिलीत पाऊल टाकताच हे अंगण सुटतं. घंटा, रांग, परवानगी, अंगावर येणारी मोठी मुलं आणि दुपार उलटेपर्यंत बसून राहणं, हे सगळं एका दिवसात समोर येतं. म्हणून अंगणवाडीताईंना खास विनंती : पहिल्या दिवशी आपल्या मुलांबरोबर शाळेत चला. पहिलीच्या बाईंना प्रत्येक मुलाबद्दल दोन गोष्टी सांगा. कोणाला जोरात बोललेलं सहन होत नाही, कोणाला एका कानाने कमी ऐकू येतं, कोणाची आई सध्या गावाला आहे. हे कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही.

आता लघवीबद्दल. हा विषय किरकोळ समजला जातो, पण मुलं शाळेला घाबरतात त्याचं एक मोठं कारण हेच असतं. मुतारी मैदानाच्या टोकाला, आत अंधार, दाराला कडी नाही, बाहेर चौथीची पोरं. विचारायची लाज वाटते म्हणून मूल दिवसभर दाबून ठेवतं. मग घरूनच पाणी प्यायचं बंद करतं. मुलींना तर याचा त्रास फार होतो. चड्डी ओली झाली आणि वर्ग हसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखणारच. त्या पोटदुखीला आपण नाटक म्हणतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. या पालकांनी शाळा उघडायच्या आधी एक चक्कर मारावी. कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, वाटेवर गवत माजलंय का, कुठे गळतंय का, एवढं बघून दुरुस्त करून घ्यावं. शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात मुलांना गटागटाने मुतारीपर्यंत न्यावं आणि ‘कधीही जा, विचारावं लागणार नाही’ असं स्पष्ट सांगावं. घरच्यांनी नाडीची चड्डी न देता इलॅस्टिकची द्यावी, मुलाच्या हाताने उघडेल असाच डबा घ्यावा आणि दप्तराच्या तळाशी एक कोरडी चड्डी ठेवावी. पावसाळा आहे, तिचा उपयोग होईल.

सोडताना मुलाला फसवू नका. ‘तू बस, मी खाऊ घेऊन आले’ म्हणून आई मागच्या मागे निघून जाते, तेव्हा रडणं तेवढ्यापुरतं टळतं. पण मूल एक गोष्ट शिकतं, की आईवरून नजर काढली की ती नाहीशी होते. पुढचे कित्येक दिवस ते पदर सोडत नाही. त्यापेक्षा सांगून निघा, ते रडलं तरी. निरोप थोडक्यात घ्या, खिडकीतून डोकावत राहू नका. ‘पाच वाजता येईन’ याचा त्याला काही अर्थ लागत नाही. ‘खिचडी खाऊन झाली, मग खेळ झाला, मग घंटा झाली की मी फाटकाशी उभी’ हे त्याला कळतं. आणि त्या घंटेला खरोखर तिथे उभ्या राहा. शेतात, कारखान्यात, दुकानात किंवा दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईला हे सोपं नाही. म्हणून ज्यांच्याकडे अशा आया आणि बाप कामाला आहेत, त्या मालकांनी आणि मुकादमांनी पहिले पंधरा दिवस त्यांना तासभराची सवलत द्यावी, पैसे न कापता.

शाळेचा धाक दाखवणं आजपासून बंद करा. ‘थांब, शाळेत घातल्यावर कळेल’, ‘गुरुजी सरळ करतील’, ‘बाई हातावर छडी देतात’ ही वाक्यं उन्हाळाभर घराघरांतून ऐकू येतात आणि जूनमध्ये आपणच विचारतो की हा जायला का तयार नाही. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे. ‘रडूबाई’ म्हणणं, वर्गासमोर उभं करून हसवणं, हाही त्रासच आहे. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका, त्याच्याकडे उत्तर नसतं. कोणाशेजारी बसलास, खिचडीत काय होतं, कोण रडत होतं, असं विचारा. मग ते बोलेल.

प्रवेशोत्सवाविषयी माझं मत आयोजकांना कदाचित आवडणार नाही. ढोल-ताशे, बैलगाडीतून मिरवणूक, पाहुण्यांची भाषणं, फोटो. यामागचा हेतू चांगला आहे आणि गावाला शाळेबद्दल आपलेपणा वाटतो, हेही खरं. पण साडेपाच वर्षांच्या मुलाला आधीच अनोळखी असलेली जागा त्या दिवशी अनोळखी माणसांनी भरलेली दिसते, आणि त्याच्या बाई स्वागताच्या धावपळीत असल्याने त्याच्या वाट्याला येत नाहीत. माझा आग्रह आहे की हा सोहळा दोन आठवड्यांनी करावा. पहिल्या दिवशी वर्गात फक्त बाई, मुलं आणि बडबडगीतं असावीत. तिसरी-चौथीतल्या समजूतदार मुलांपैकी एकेक ताई-दादा प्रत्येक नव्या मुलाला जोडून द्यावा. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असलेल्या शाळांत तर हे फार उपयोगी पडतं.

भाषेचं ओझं अनेक मुलांवर वेगळं असतं. मेळघाटात घरी कोरकू, सातपुड्यात पावरी, गडचिरोलीत माडिया, तांड्यावर गोरमाटी, आणि शहरात बांधकामांवर आलेल्या कुटुंबांत कानडी, तेलुगू, हिंदी. ही मुलं पहिले कित्येक दिवस गप्प असतात. त्यांना काही येत नाही असा समज करून घेऊ नका. शिक्षकांनी त्या भाषेतले निदान दहा शब्द शिकावेत : पाणी, भूक, लघवी, दुखतं, आई, ये, बस असे. आणि मुलाचं नाव त्याच्या घरात जसं उच्चारतात तसंच उच्चारावं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची तर दरवर्षीच दोनदा सुरुवात होते. जूनमध्ये शाळा लागते, मुलं थोडी रुळतात, आणि दिवाळीच्या आसपास आई-वडील कोयता घेऊन निघतात. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, किंवा आजीकडे ठेवून शाळा चालू ठेवता येते. हे बोलणं जुलैतच करा. गाडी भरायच्या दिवशी फार उशीर झालेला असतो. मध्येच दुसऱ्या गावातून आलेल्या मुलाला, वयाचा दाखला नाही किंवा तारीख उलटली म्हणून परत पाठवता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी आणि गावकऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

शहरातल्या पालकांसाठी थोडक्यात : दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं २०२०चं दप्तर धोरण सांगतं, आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४मध्ये सांगितलं आहे. शाळा हे पाळत नसेल तर चार पालकांनी मिळून लेखी विचारा. पहिल्या महिन्यात शिकवणी तर अजिबात लावू नका.

रडणं, रात्री गादी ओली करणं, खाणं कमी होणं, रविवारनंतर पुन्हा हट्ट करणं हे पहिले काही आठवडे चालायचंच. ते हळूहळू ओसरतं. पण महिना उलटूनही कमी झालं नाही, किंवा रुळलेलं मूल अचानक घाबरू लागलं, एका ठरावीक माणसाचं नाव काढताच गप्प झालं, अंगावर खुणा दिसल्या, तर तो हट्ट नव्हे. त्याचं ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा, बाईंशी बोला. गरज पडली तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.

शाळा उघडायला फार दिवस उरलेले नाहीत. आज संध्याकाळीच मुलाचा हात धरून शाळेपर्यंत चालत जा. वर्ग कुठला, पाण्याचा नळ कुठे, मुतारी कुठे, सुटल्यावर आपण कुठे उभे राहणार, हे त्याला दाखवा. आपलं मूल मोठं झालं असेल तर शेजारचं घेऊन जा. उद्या पुन्हा जा.