टेबलाच्या दोन्ही बाजूंचा माणूस

बडोद्यातील आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत गप्पा राज्यकारभारावर आल्या, की एक वाक्य हमखास ऐकू येते : “आपले लोक सरळ नाहीत, त्यांच्या डोक्यावर कडक सरकारच हवे.” बोलणारे बहुधा आमच्यासारखेच सेवानिवृत्त असतात. आधी गायकवाडी आणि पुढे सरकारी चाकरीवर ज्यांची घरे चालली, त्या समाजाला हे मत स्वाभाविक वाटावे यात नवल नाही. आम्हांलाही ते अनेक वर्षे पटत होते. आज मात्र त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

मर्यादित शासनाचा पुरस्कार करणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांवर नेहमीचा आक्षेप असा, की ते मनुष्यस्वभावाविषयी भाबडे आहेत; मोकळे सोडले की सारे सज्जनासारखे वागतील, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1788 साली अमेरिकेच्या नियोजित संविधानाचे समर्थन करताना जेम्स मॅडिसन यांनी जे मांडले त्याचा आशय असा, की शासन लागते ते माणूस अपूर्ण आहे म्हणून. आणि शासनाला अंकुश लागतो तोही त्याच कारणाने. 1986 चे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांनी हाच धागा पुढे नेला. बाजारातला माणूस कचेरीत शिरताना आपला स्वार्थ चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा भाबडे कोण? माणूस स्वार्थी आहे असे म्हणून त्यांपैकीच काहींच्या हाती अमर्याद सत्ता देणारे, की ती कोणाच्याच हाती नको म्हणणारे?

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. 1980 साली आम्ही नोकरीत लागलो, तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते. घराची भिंत उभारायची, तर परमिट हवे. एका जिल्हा कचेरीत ते अर्ज आमच्या टेबलावर येत. पोती शंभर आणि मागणी हजाराची, अशी स्थिती. एकाचे छप्पर गळत असे, दुसऱ्याच्या मुलीचे लग्न ठरलेले असे, तिसरा नुसताच साठा करणारा असे. कागदावर तिघे सारखेच दिसत. कोणाची नड खरी, हे ठरवण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. मग चिठ्ठ्या येत, ओळखी निघत. आम्ही पैसा घेतला नाही. पण ओळखीच्या माणसाचा अर्ज गठ्ठ्यात वर सरकवला नाही, असे शपथेवर सांगता येणार नाही. त्या टेबलामागे कोणी खलपुरुष बसला नव्हता. आम्हीच बसलो होतो.

फ्रीडरिश हायेक यांनी 1945 च्या एका निबंधात आमच्या त्या अडचणीचे मूळ सांगून ठेवले होते. समाजातील माहिती असंख्य माणसांत विखुरलेली असते. ती एका टेबलावर कधीच गोळा होत नाही. किंमत हेच ती पोहोचवण्याचे साधन. किंमत गोठवली, की उरतो तो अधिकाऱ्याचा अंदाज आणि त्यामागोमाग येणारा मोह. 1982 च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, ते सिमेंटच्या वाटपासंबंधी उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः उठवले आणि 1989 साली ते पूर्ण गेले. आज सिमेंटचे पोते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. माणसे सुधारली म्हणून नव्हे. परमिट गेले म्हणून.

“मग व्यापारी लुटणार नाही काय?” असे कोणी विचारील. लुटू पाहीलच, तोही माणूसच आहे. पण त्याच्या दुकानाशेजारी दुसरे दुकान असते. आमच्या खिडकीशेजारी दुसरी खिडकी नव्हती. व्यापाऱ्याने भेसळ केली, मापात मारले, करार मोडला, तर तेथे शासन हवेच आणि तेथे ते कडकच हवे. रॉबर्ट नोझिक यांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात शासनाला हिंसा, चोरी व फसवणूक यांपासून संरक्षण आणि करारांचे पालन, एवढेच काम नेमून दिले. मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन नव्हे.

बडोदेकराचा खरा आक्षेप मात्र निराळा असतो. तो म्हणेल, “सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते काय वाईट केले?” मुळीच नाही. शाळेच्या बाबतीत आम्ही नोझिकांइतके कठोर नाही. आमच्या घराण्यांना त्या राज्याने जे दिले, ते विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु आमचे वडीलधारे गोष्टीचा उत्तरार्ध सांगताना आवाज खाली आणीत. 1939 साली महाराज गेले. गादी तीच, अधिकार तेच, माणूस मात्र बदलला. पुढे राज्याच्या तिजोरीतून काढलेल्या मोठ्या रकमांवरून वाद उठला आणि 1951 साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली. सज्जनाच्या भरवशावर दिलेली सत्ता सज्जनाबरोबर चितेवर जात नाही. ती वारसाला मिळते.

राजाजींनी 1959 साली स्वतंत्र पक्ष काढून परमिट-लायसन्सच्या राज्यावर कोरडे ओढले, तेव्हा आमच्या समाजातील कित्येकांनी त्यांना श्रीमंतांचे वकील ठरवले. तो पक्ष 1967 साली लोकसभेत 44 जागांपर्यंत पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांतच मावळला. उद्योगांवरील परवान्यांचे जाळे बव्हंशी उठले, ते 1991 साली. तेही त्यांच्या विचारापेक्षा रित्या झालेल्या परकीय गंगाजळीमुळे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढच्या बैठकीत “कडक सरकार हवे” म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. जो अधिकार आपण आवडत्या नेत्यासाठी मागतो आहोत, तोच उद्या सर्वांत नावडत्याच्या हाती गेला तर आपण सुखाने झोपू काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो अधिकार आवडत्यालाही देऊ नये. टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणूसच बसतो. आम्ही एका बाजूला तीस-पस्तीस वर्षे बसलो. आज दुसऱ्या बाजूला, अर्ज हाती घेऊन, रांगेत उभे आहोत.