कुठला जंतू, कुणाच्या पोटात?

पोराला जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून तीन गोष्टी घरी येतात: ओआरएसची पाकिटं, झिंकची बाटली आणि प्लास्टिकच्या चिमुकल्या कुप्यांची पट्टी. कुपीची मान मोडायची, आतलं गढूळसर पाणी पोराच्या तोंडात पिळायचं. चव जवळपास नाहीच, त्यामुळे पोर कुरकुरत नाही आणि आईबापांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तिघांत महाग तीच. दिवसभरात पाजायचं राहून जातं ते मात्र ओआरएस.

या कुप्यांवर, पुड्यांवर ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपकारक जिवंत जंतू, म्हणून सरसकट विश्वास टाकला जातो, माझी तक्रार त्याबद्दल आहे. 2018 साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आल्या. उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन इस्पितळात आणलेली लहान मुलं. काहींना लॅक्टोबॅसिलस, काहींना तशीच दिसणारी पण जंतू नसलेली पूड. दोन्ही देशांत फरक शून्य.

मग सगळंच थोतांड? तसंही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ‘नेचर’मध्ये ओडिशाच्या खेड्यांतलं काम प्रसिद्ध झालं होतं. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने साडेचार हजारांहून अधिक तान्ह्या बाळांवर चाचणी घेतली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण आणि त्या जंतूला पोसणारी साखर दिली, तीही फक्त सात दिवस. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. मला सर्वांत नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं: छातीचे संसर्गही घटले. जंतू आतड्यात आणि आराम फुप्फुसाला! आतड्याच्या अस्तरालगत प्रतिकारपेशींची मोठी वस्ती असते. कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं, हे या पेशी जन्मानंतरच्या दिवसांत तिथल्या जंतूंकडून शिकतात. हे शिक्षण छातीपर्यंत पोचत असावं.

म्हणूनच ‘इम्युनिटी वाढवा’ ही जाहिरात मला खटकते. सेप्सिसमध्ये संसर्गाला तोंड देताना शरीराचाच तोल जातो आणि स्वतःचे अवयव होरपळतात. तिथे नुसता जोर वाढवून काय साधणार?

शिवाय ओडिशाचा निकाल सगळ्याच बाळांना लागू होत नाही. तिथली बाळं दोन किलोंच्या वरची, अंगावर पिणारी होती. इंग्लंडमध्ये खूप अपुऱ्या दिवसांच्या तेराशेवर बाळांना दुसराच जंतू, बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह, देऊन पाहिला. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, उपयोग नाही. 2023 मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशाराच दिला: इस्पितळात प्रोबायोटिक दिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं बाळ त्यातल्याच जंतूचा संसर्ग रक्तात होऊन दगावलं होतं.

दही खा, ताक प्या, त्याला कोण नाही म्हणतंय? पण औषध म्हणून पैसे मोजताना खोक्याची मागची बाजू वाचा. ‘अमुक अब्ज जंतू’ हा आकडा ठळक असतो. वाणाचं पूर्ण नाव किंवा क्रमांक अनेकदा नसतोच. ओडिशाच्या चमूने तो एक वाण निवडण्याआधी अडीचशेहून अधिक वाण पारखले होते. डॉक्टरांना एवढंच विचारा: हाच वाण, याच आजारासाठी, एवढ्याच वयाच्या मुलांवर तपासलाय का? उत्तर गुळमुळीत आलं तर ते पैसे ओआरएसच्या आणखी चार पाकिटांवर घाला.