बसतो आणि चालतो

जयसिंगपूरच्या एका घराच्या पडवीत १९७५ सालची प्रीमिअर पद्मिनी सहा वर्षे एका जागी उभी होती. घरातील थोरल्यांनी ती आगाऊ नोंदणी करून, पुष्कळ वाट पाहून घेतली होती. ते गेले आणि गाडीही थांबली. थोरल्यांचे चिरंजीव, ज्यांना सारे गाव आण्णा म्हणते, यांच्या धाकट्या मुलीचा विवाह माघात ठरला, तेव्हा तिने एकच हट्ट धरला : पाठवणी आजोबांच्या गाडीतून व्हावी. सासर रत्नागिरीचे. म्हणजे गाडी नुसती सुरू होऊन भागणार नव्हते, आंबा घाट उतरून जाणे भाग होते.

पद्मिनी हे इटलीतील फियाट ११०० या गाडीचे भारतीय रूप. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या उद्योगपतीविषयी या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. फियाट ११०० डिलाइट, मग अल्पकाळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, अशी तिची नावे बदलत गेली, १०८९ सी.सी.चे इंजिन मात्र दीर्घकाळ तेच राहिले. २००० सालच्या सुमारास उत्पादन थांबले. तरीही पुढची वीस वर्षे तिचे सुटे भाग सहज मिळत असत, आणि त्याचे श्रेय कारखान्यापेक्षा मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला अधिक द्यावे लागेल. रोज धावणाऱ्या हजारो टॅक्सी म्हणजे सुट्या भागांचे हजारो नियमित ग्राहक. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या हिशेबाने शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली आणि तो ग्राहकवर्ग संपला. ज्या दुकानदाराला दिवसाकाठी दहा गिऱ्हाइके येत, त्याने कपाट रिकामे करून दुसरा माल भरला, यात त्याचा दोष नाही.

आता जुन्या गाडीच्या मालकापुढे दोन वाटा उरतात. एक, केवळ त्याच गाडीचे भाग सांभाळून बसलेला जाणकार विक्रेता गाठणे. मुंबई, पुणे, दिल्लीत असे मोजके लोक अद्याप आहेत. दुसरी, भागावरचा क्रमांक किंवा माप पाहून त्याच्याशी जुळणारा, परंतु दुसऱ्याच कुठल्या यंत्रासाठी केलेला भाग बाजारातून आणणे. आण्णांचा कल पहिल्या वाटेकडे. पुण्यात अभियंता असलेल्या त्यांच्या पुतण्याचा दुसरीकडे. ‘‘आण्णा, एकाच बेअरिंगला मुंबईवाला तिप्पट भाव सांगतोय. तुम्ही पैसे नावाला देताय, वस्तूला नाही,’’ असे त्याचे म्हणणे. आण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी जुनी खतावणीची वही काढली, गाडीला लागणाऱ्या एकतीस वस्तूंची नावे लिहिली आणि प्रत्येकीपुढे एक रकाना मोकळा ठेवला.

पहिला डाव पुतण्याने जिंकला, आणि तो त्याने जिंकायलाच हवा होता. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला क्रमांक ही जगभर मान्य झालेली भाषा आहे. ६२०३ म्हटले की आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, रुंदी १२. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून अधिक असतील तर त्यांना पाचाने गुणावे, आतला व्यास मिळतो : ६२०४ चा २०, ६२०५ चा २५. हे बेअरिंग पाण्याच्या मोटारीत जाते की मोटारगाडीच्या डायनॅमोत, याच्याशी कारखान्याला कर्तव्य नसते. चांगल्या कारखान्याचे बेअरिंग सांगलीच्या दुकानात मिळत असताना तेच मुंबईहून तिप्पट दराने मागवणे याला निष्ठा म्हणता येईल, व्यवहार म्हणता येणार नाही. मात्र क्रमांकाला शेपूट असते ते वाचावे लागते. दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असेल तर ‘झेड झेड’, रबराचे असेल तर ‘टू आर एस’. ‘सी थ्री’ लिहिले असेल तर आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक आहे, जी तापणाऱ्या जागी आवश्यक ठरते. ही अक्षरे गाळून घेतलेले बेअरिंग नेमके बसते. काही महिन्यांनी आवाज करू लागते इतकेच.

ऑइल सीलची गोष्ट जवळपास अशीच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे जुळले की काम झाले, असे दुकानदार सांगतो. चौथी बाब असते रबराची जात. साधे नायट्राइल रबर सुमारे शंभर अंश सेल्सियसपर्यंत टिकाव धरते, व्हिटॉन त्याच्या दुपटीपर्यंत. काही सीलांच्या ओठावर तिरप्या रेघा असतात आणि त्या दंड कोणत्या दिशेने फिरतो त्यानुसार असतात. उलट दिशेची सील तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर काढते.

पुतण्याची पहिली चूक प्लगपाशी झाली. सहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीला थोडा ‘गरम’ प्लग द्यावा म्हणजे काजळी धरणार नाही, हा त्याचा विचार योग्य होता. बॉशच्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग गरम, हे त्याला ठाऊक होते. दुकानात एनजीकेचे प्लग मिळाले आणि त्याने त्याच समजुतीने मोठा आकडा उचलला. एनजीकेची पद्धत नेमकी उलटी : आकडा मोठा तितका प्लग थंड. आटे जुळले, प्लग छान बसले आणि चार दिवसांत काळे पडले. नुकसान किरकोळ होते. परंतु आट्यांची लांबीही दोन प्रकारची असते, अर्धा इंच आणि पाऊण इंच. आखूड आट्यांच्या जागी लांब प्लग गेला तर पिस्टन त्यावर आदळण्याची भीती असते. तो धडा चार काळ्या प्लगांवर निभावला, हे बरेच झाले.

विशेषज्ञ विक्रेत्याच्या चढ्या दराकडेही जरा शांतपणे पाहिले पाहिजे. शंभर रुपयांना घेतलेली वस्तू त्याच्याकडे आठ वर्षे पडून राहिली, तर द.सा.द.शे. दहा टक्के चक्रवाढीने तिची किंमत नफा न धरताच २१४ रुपये होते. जागेचे भाडे निराळे; आणि ज्यांना कधीच गिऱ्हाईक मिळणार नाही अशा वस्तूंचा बोजाही विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरच पडतो. तिप्पट दर म्हणजे लूटच, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय तो आणखी एक गोष्ट विकत असतो. आण्णांनी मुंबईच्या विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा भाव सांगण्याआधी त्याने चार प्रश्न विचारले : साल कोणते, चासी क्रमांक काय, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी की खाली, आणि जुना भाग काढला असल्यास त्याचे छायाचित्र आहे का. क्रमांक जुळवण्याचे तक्ते असे काही विचारत नाहीत.

तरीही त्याच्या कपाटातील प्रत्येक वस्तू डोळे झाकून घेण्याजोगी असतेच असे नाही. कंपनीच्या मूळ खोक्यातील, कधी न वापरलेला जुना माल हे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे मोठे आकर्षण. दाराच्या मुठी, दिव्यांच्या काचा, गिअरची चाके यांच्या बाबतीत ते सार्थ आहे, कारण नीट जपलेला धातू आणि काच पंचवीस वर्षांनीही तशीच राहतात. रबर राहत नाही. खोके न उघडताही ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. आण्णांनी हौसेने मागवलेला रेडिएटरचा मूळ होज हातात दाबताच तडकला. पुतण्याने बाजारातून त्याच व्यासाचा नवा आणला आणि वहीच्या रकान्यात काही न बोलता खूण केली.

एका नातेवाइकाने तिसरा मार्ग सुचवला : एवढा खटाटोप कशाला, एखाद्या नव्या छोट्या गाडीचे इंजिन टाकून द्या. हे अनेकांनी केले आहे. परंतु २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आणि त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते; चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. प्लग किंवा बेअरिंग बदलल्याने मूळ रूप बिघडत नाही. इंजिन बदलल्याने बिघडते. गाडीने पन्नाशी ओलांडलेली असल्याने आण्णांनी ती सूचना तेथेच थांबवली. अर्थात व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही, हेही त्यांनी ध्यानात ठेवले आणि लग्नापूर्वी तो अर्ज करायचा नाही असे ठरवले.

खरा पेच ब्रेकचा होता. मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर आतून गंजलेले निघाले. मिस्त्रींनी कोल्हापुरातून दुसऱ्या एका गाडीचे नवे सिलिंडर आणले. बोल्टची भोके तीच, नळीचे आटे तेच, किंमत मुंबईच्या निम्म्याहून कमी. ‘‘बसतंय की, आण्णा. कुठं घासायला लागंना, काय न्हाय,’’ मिस्त्री म्हणाले. ते खरेच बसत होते, आणि लग्नाला अठरा दिवस उरले होते.

पुतण्याने बसवण्याआधी व्हर्निअर कॅलिपर लावला. नव्या सिलिंडरचा आतला व्यास जुन्यापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा होता. फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु ब्रेकचा जोर व्यासावर नसतो, क्षेत्रफळावर असतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा सिलिंडर घातला तर तेवढ्याच दाबाला त्या चाकावरचा जोर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. वाढला तर बरेच, असे वरवर वाटते. परंतु गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. त्या हलक्या चाकांवर जोर वाढवला की ती पुढच्यांच्या आधी जखडतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. गावातल्या रस्त्यावर हे कदाचित कधीच लक्षात आले नसते. आंबा घाटातल्या उतारावर, ओल्या वळणावर, मागच्या आसनावर नवी नवरी असताना ते पहिल्यांदा लक्षात आले असते.

‘‘मिस्त्री, हे परत करा,’’ आण्णा म्हणाले. पुतण्या काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मुंबईला दूरध्वनी त्यानेच केला. विक्रेत्याने सिलिंडर आहेत असे सांगितले, पण आतली रबरे जुनी आहेत, ती नवी करून घेतल्याशिवाय माल पाठवणार नाही, आणि त्याला तीन आठवडे लागतील. पुतण्याने घाईचे कारण सांगून पाहिले. पलीकडून उत्तर आले, ‘‘लग्न आहे म्हणूनच सांगतो, थांबा.’’

वहीतील एकतीस वस्तूंपैकी अखेर एकोणीस बाजारातून क्रमांक जुळवून घेतल्या गेल्या. आठ मुंबईहून आल्या. चार कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. स्टार्टरचे कांस्याचे बुश त्यांतलेच. प्रत्येक वस्तूपुढे पुतण्याने क्रमांक, माप, दुकान आणि दर टिपला. जिथे क्रमांक जुळूनही वस्तू उपयोगी पडली नाही, तिथे कारणही लिहिले. पुढच्या वेळी ही गाडी ज्याच्या हाती येईल त्याला हीच वही सर्वांत मोलाची ठरावी.

लग्नाच्या दिवशी पद्मिनी झेंडूच्या माळा घालून मांडवाच्या दाराशी उभी होती. वधूवरांनी तिच्यात बसून छायाचित्रे काढून घेतली. पाठवणी मात्र भाड्याच्या गाडीतून झाली. मुलीने विचारले, ‘‘आण्णा, एवढं सगळं करून ही इथंच?’’ आण्णांनी तिला ब्रेकचे कारण सांगितले नाही. अशा वेळी सांगण्यासारखे ते नव्हतेच.

सिलिंडर लग्नानंतर अकरा दिवसांनी आले. मिस्त्रींनी ते बसवले, चारही चाकांतील हवा काढली, नवे ब्रेक ऑइल भरले. पुतण्याने शिरोळच्या मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा गाडी थांबवून पाहिली. प्रत्येक वेळी ती सरळ रेषेत थांबली. फाल्गुनात मुलीला माहेरी आणायला आण्णा स्वतः रत्नागिरीला गेले. घाट उतरताना त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली होती.