गोवा ‘हिरावला’ गेला नाही, गोव्याने निवड केली

१/८
‘गोवा महाराष्ट्राचाच होता, ख्रिस्ती मतांनी आणि दिल्लीच्या कारस्थानाने तो हिरावला.’ मराठी इतिहासप्रेमींत हे वाक्य वारंवार ऐकू येते. त्यात आवेश पुष्कळ आहे, पुरावा मात्र नाही. हा धागा त्याच्या खंडनासाठी.

२/८
१६ जानेवारी १९६७. गोव्यात जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

३/८
आता ‘ख्रिस्ती मतां’चा हिशेब. मतदार सुमारे ३,८८,०००. ख्रिस्ती लोकसंख्या ४० टक्क्यांच्या आत. मतदारांतही तेच प्रमाण धरू आणि एकही ख्रिस्ती मतदार घरी बसला नाही असे मानू. तरी आकडा १,५५,००० च्या पुढे जात नाही. उरलेली १७,००० मते कोणाची? प्रत्यक्षात ती याहून अधिकच असणार.

४/८
मग ‘मराठीद्वेष’? विलीनीकरणविरोधी प्रचारात अग्रभागी असलेले ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते. मराठी वाचकाला मराठीतूनच हा युक्तिवाद पटवला गेला. भाषेवर प्रेम आणि राज्यात विलीन होण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५/८
एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ ची निवडणूक विलीनीकरणाच्या वचनावर जिंकली होती. मग वेगळ्या कौलाचे प्रयोजन काय?

६/८
उत्तर मार्च १९६७ च्या निवडणुकीत आहे. विलीनीकरण नाकारून दोन-अडीच महिने होतात न होतात, तोच त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. म्हणजे पक्षाला दिलेले मत हे विलीनीकरणाला दिलेले मत नव्हते. हा भेद केवळ स्वतंत्र कौलातूनच उघड होऊ शकत होता.

७/८
ब्रिटनकडे पाहा. १९७५ मध्ये ६७ टक्के मतदारांनी युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहणे पसंत केले. २०१६ मध्ये ५२ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. व्यापारी जवळीक एक, राजकीय एकीकरण दुसरे. शेजाऱ्याशी स्नेह असला म्हणून कोणी आपल्या घराची भिंत पाडत नाही.

८/८
कौलाला कारस्थान म्हणणारे केवळ दोन पानांच्या मतदारांचा अवमान करत नाहीत. फुलाला मत देणाऱ्या १,३८,१७० जणांनीही हा कौल खरा मानूनच मत दिले होते. हरलेली बाजू इतिहासात आदराने नोंदवता येते. त्यासाठी जिंकलेल्यांना फितूर ठरवण्याची गरज नसते.