वेचणीआधी प्लास्टिकची पोती बाजूला ठेवा



दसरा तोंडावर आला आहे. शेतात कापूस फुटू लागलाय आणि कुरियरच्या गाडीवर दिवाळीच्या पार्सलांचा ढीग रोज वाढतोय. येत्या दोन-तीन महिन्यांत आपल्या संग्रामपूर तालुक्यात भरपूर माल येईल, भरपूर माल बाहेर जाईल. तो कशात गुंडाळायचा, कशात भरायचा, हे अजून तुमच्या हातात आहे. म्हणून आजच सांगतोय.

पार्सल उघडलं की पुठ्ठ्याचा खोका उरतो. तो भंगारवाला घेतो. पण पातळ पिशवी, बबलरॅप, चिकटपट्टी यांना तो हात लावत नाही. त्यांचं वजनच भरत नाही. मग हे प्लास्टिक उकिरड्यावर जातं, नाल्यात जातं, नाहीतर चुलीत. चुलीत घालू नका! त्या विषारी धुराशेजारी तुमची आई बसलेली असते, लेकरू खेळत असतं. उकिरड्यावरही टाकू नका. उष्ट्याचा वास लागलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती पचत नाही, पोटात साचत जाते, आणि दुभतं जनावर डोळ्यांदेखत खंगतं.

२२ जुलै २०२३ तुम्ही विसरला नसाल. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदीनाले फुगले, जमिनी खरडून गेल्या, घरांत पाणी शिरलं. तो पूर प्लास्टिकनं आणला असं मी म्हणणार नाही. पाऊसच तेवढा कोसळला होता. पण पुलाखालच्या नळ्या पिशव्यांनी तुंबलेल्या असतील, तर पाणी वस्तीकडेच वळणार. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईनं हे भोगलं आहे. आज टाकलेली पिशवी पुढच्या पावसाळ्यापर्यंत नाल्यातच राहते. ती तिथं पोचू देऊ नका.

शेतकरी दादांनो, पॅकिंग म्हणजे फक्त दुकानदाराचा विषय, असं समजू नका. तुमचा कापूस कशात भरून जातो? बहुतेक खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोत्यात. उन्हानं ते पोतं विरतं, त्याचे धागे सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये त्यांचे बारीक तुकडे होतात; मग ते वेगळे काढणं जवळजवळ अशक्य. गाठीतून ते गिरणीत जातात, सुतात कातले जातात, कापडात विणले जातात. कापसाचा रंग या धाग्यावर चढत नाही. रंगवलेल्या कापडावर तो पांढरा उठून दिसतो आणि सगळा तागा नाकारला जातो. हा कचरा निवडायला गिरण्यांना माणसं बसवावी लागतात, आणि तो खर्च कुठून ना कुठून कापसाच्या भावातूनच निघतो. वर्षभर तुम्ही राबता, हातानं बोंड बोंड वेचता, आणि एका फुकटच्या पोत्यापायी त्या कापसाला बट्टा लागतो. हे मला फार लागतं.

म्हणून वेचणीला सुती ओटी बांधा. जुनी चादर, जुनं धोतर, लुगडं शिवून त्याची झोळी करा. गाडीतही खाली सुती पाल अंथरा, आणि त्यावरच कापूस टाका. मजुरांना आधीच सांगून ठेवा.

व्यापारी मित्रांनो, संग्रामपूर असो, वरवट बकाल असो की सोनाळा, तुमच्या दुकानात रोज खोके येतात. तेच खोके उलटून पुन्हा वापरा. मालाच्या मापाचा खोका घ्या, म्हणजे आत भरायला काही लागणार नाही. लागलंच तर रद्दी घाला, फाडलेला पुठ्ठा घाला. चिकटपट्टी कागदाची घ्या. संत्री परत येणाऱ्या क्रेटमध्ये पाठवा. अॅमेझॉननं २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टनं २०२१ मध्ये आपापल्या गोदामांतून एकदाच वापरायचं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हे करता येतं, तर आपल्या एका गाळ्यात का नाही? आणि कायदाही आहेच. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. बंदीतला माल सापडला तर पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगवाससुद्धा. पण तुम्ही दंडाच्या भीतीनं बदलाल असं मला वाटत नाही. याच नाल्याकाठी तुमचंही घर आहे.

आणि घरातल्या ताई-माईंनो, बाजाराला निघताना कापडी पिशवी घ्या. दुकानदारानं पातळ पिशवी पुढे केली तर परत करा. ऑनलाइन मागवायचंच असेल तर चार वस्तू एकत्र मागवा, चार दिवसांत चार पार्सलं नकोत.

गावातल्या बचतगटाच्या ताईंकडे शिलाई मशीन आहे, हात आहेत. दुकानाच्या पिशव्या आणि वेचणीच्या झोळ्या त्या शिवून देतील, पण त्यांना त्यासाठी दिवस लागतील. दसऱ्याची वाट पाहू नका. आजच त्यांच्याकडे जा आणि किती हव्यात ते सांगून या.