कुशीनगर : एका लहान गावातील निरोप

लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही बौद्ध यात्रेची चार मुख्य स्थाने होत. पहिल्या तिन्हींशी जन्म, ज्ञानप्राप्ती आणि पहिला उपदेश या मंगल घटना जोडलेल्या आहेत. चौथ्या स्थानाशी मात्र मृत्यू. त्यामुळे सवड थोडी असली, की यादीतून कुशीनगर गाळण्याचा मोह होतो. वाचकहो, तो मोह आवरावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, गोरखपूरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, उसाच्या शेतांच्या मुलखात कसया नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारीच हे क्षेत्र वसले आहे. गाव लहान आहे, आणि त्याचे हे लहानपण फार जुने आहे. महापरिनिब्बान सुत्तातील कथा अशी, की ऐंशी वर्षांचे थकलेले भगवान बुद्ध येथील शालवृक्षांखाली पहुडले, तेव्हा शिष्य आनंद कष्टी झाला. चंपा, राजगृह, श्रावस्ती यांसारखी मोठी नगरे सोडून या कुडाच्या भिंतींच्या आडगावी देह ठेवू नये, अशी त्याने विनवणी केली. बुद्धांनी ती मानली नाही.

येथील महापरिनिर्वाण मंदिराचे आजचे रूप १९५६ सालचे. बुद्धनिर्वाणाची अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने भारत सरकारने ते उभारले. छप्पर अर्धवर्तुळाकार कमानीचे असून आत एकच दालन आहे. त्यात सहा मीटरांहून थोडी अधिक लांबीची मूर्ती उजव्या कुशीवर, उत्तरेकडे मस्तक करून निजलेली आहे. यात्रेकरू तिच्या अंगावर चीवर पांघरतात, प्रदक्षिणा घालतात आणि भिंतीलगत शांत बसून राहतात.

मूर्तीचा चौथरा नीट न्याहाळावा. त्यावर कोरलेल्या लहान आकृतींत शोकमग्न माणसे आहेत, आणि मध्यभागी एक ध्यानस्थ भिक्षूही आहे. त्याच्याखाली पाचव्या शतकातील लेख आहे : ही मूर्ती हरिबलाने दान केली आणि मथुरेच्या दिन्न नावाच्या कारागिराने घडविली. दाता आणि कारागीर, दोघांचीही नावे दीड हजार वर्षे टिकून राहावीत, हा योग विरळाच.

मधल्या काळात या गावाचाच विसर पडला होता. कनिंगहॅम यांनी १८६१-६२ मध्ये कसयाजवळचे ढिगारे म्हणजेच कुशीनगर असावे, असे मत मांडले. पुढे १८७६ मध्ये कार्लाइल यांनी उत्खनन केले, तेव्हा ही मूर्ती भग्नावस्थेत सापडली. तिचे अनेक तुकडे जुळवून त्यांनी ती पुन्हा उभी केली. तरीही स्थानाविषयी शंका उरली होती. मंदिरामागील स्तूपात १९१० च्या सुमारास एक ताम्रपट मिळाला. त्यावर निर्वाण चैत्याचा उल्लेख होता, आणि दात्याचे नाव पुन्हा हरिबल हेच होते! तेथे शंका मिटली.

मराठी घरांशी या गावाचे एक निकटचे नाते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना धम्मदीक्षा देणारे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर हे कुशीनगरचेच रहिवासी. ब्रह्मदेशातून येऊन त्यांनी आपले आयुष्य या क्षेत्राच्या सेवेत वेचले आणि आसपासच्या मुलांसाठी शाळाही काढल्या. मंदिराचे नवे रूप आणि नागपूरची दीक्षा, दोन्ही घटना एकाच वर्षीच्या.

मंदिरातून निघाल्यावर जवळच माथाकुंवर येथील भूमिस्पर्श मुद्रेतील मूर्ती पाहावी. तेथून सुमारे दीड किलोमीटर चालत रामाभार स्तूपाकडे जावे. मल्लांनी बुद्धांना अग्नी दिला, ती ही जागा. वाटेत निरनिराळ्या बौद्ध देशांचे विहार लागतात. थंडीचे दिवस या पायी फेरीस सोयीचे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्यास सकाळची वेळ निवडावी.

मुलांना येथे न्यावे काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येईल. अवश्य न्यावे. घरात आजीआजोबांचा वियोग होतो, तेव्हा आपण मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवितो, आणि त्यांचे प्रश्न मनातच राहतात. येथे त्यांना दोन कथा सांगता येतील. आनंद आडोशाला जाऊन रडत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले, जे जन्मते ते जाणारच हे समजाविले आणि त्याने केलेल्या सेवेची सर्वांसमक्ष वाखाणणी केली. त्याच रात्री सुभद्र नावाचा परिव्राजक शंका घेऊन आला. आनंदाने त्याला तीनदा अडविले; पण बुद्धांनी ते ऐकले आणि त्याला आत येऊ दिले. तोच त्यांचा अखेरचा शिष्य ठरला.

रडणाऱ्याला जवळ बोलवावे आणि विचारणाऱ्याला परत पाठवू नये, हे मुलांना घरी शब्दांनी सांगणे कठीण जाते. त्या निजलेल्या मूर्तीपाशी घटकाभर बसून सांगितले, तर ते त्यांना सहज उमगेल, आणि कदाचित आपल्यालाही.