भिसे एकटे नव्हते

रत्नागिरीत उद्योगाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. एकट्याने शोध लावून धंदा उभारायचे दिवस गेले. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि भांडवल आहे त्यानेच त्या वाटेला जावं. दाखल्याला शंकर आबाजी भिसे असतातच. ‘भारताचा एडिसन’ म्हणून गाजलेला माणूस, पण त्याचं यंत्र आज आहे कुठे? मला हे मत साफ चुकीचं वाटतं, आणि भिशांचं चरित्रच त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

भिसे 1867 साली मुंबईत जन्मले. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी इंग्लंडमधल्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली, ती त्यांनी जिंकली. मग ते लंडनला गेले आणि दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी भांडवल जमवायला हात दिला. तिथे त्यांनी ध्यास घेतला तो छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राचा. लायनोटाइप यंत्र शिशाची अख्खी ओळ ओतायचं, त्यामुळे एक अक्षर चुकलं तरी ओळ पुन्हा ओतावी लागे. मोनोटाइप सुटे खिळे ओतायचं, पण यंत्रणा गुंतागुंतीची. भिशांना सुटे खिळे हवे होते, तेही झपाट्याने आणि साध्या रचनेच्या यंत्रातून. जगभरच्या छापखान्यांची अडचण त्यांनी नेमकी हेरली होती.

पैसे संपले आणि 1908 साली ते हिंदुस्थानात परतायला निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखले आपल्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. यंत्रं हा त्यांचा विषय नव्हता. ते आधी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, पुढे राजकारणात बुडाले. तरी त्यांनी या माणसाचं मोल ओळखलं, सर रतन टाटांपर्यंत त्याला पोचवलं, आणि 1910 साली लंडनमध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभी राहिली.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी भांडवलच लागलं ना? लागलं, जरूर लागलं. पण आधी काय आलं ते पाहा. कल्पना टाटांच्या पैशातून निघाली नाही. पैसा कल्पनेच्या मागे आला, आणि तो यायला गोखल्यांचा शब्द कारणी लागला. एडिसनचं नाव घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. त्याच्या मेन्लो पार्कात कारागिरांचा ताफा राबत होता, पाठीशी न्यूयॉर्कचे धनको होते. तोही एकटा नव्हता.

महायुद्धाच्या काळात सिंडिकेट मोडली. भिसे न्यूयॉर्कला गेले, खिळ्यांच्या यंत्रावर काम करत राहिले आणि पुढे ॲटोमिडीन हे आयोडीनचं औषध त्यांनी बाजारात आणलं. 1935 साली तिथेच ते वारले. ज्याने अखेरपर्यंत शोधांची वाट सोडली नाही, त्याला वाया गेलेला कसं म्हणायचं? वाया गेलं असेल तर ते आपलं. असा माणूस आपल्याला इथे ठेवता आला नाही.

पाठबळ मिळालं की काय होतं, ते कळायला आंबे उतरवायचा कोकणातला नूतन झेला पाहा. आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही. पातं, जाळी, काठी: यात अवाढव्य काही नाही. पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर डोकं लढवलं, त्याची पारख केली, म्हणून तो बागायतदारांच्या हाती आला. असं पाठबळ विद्यापीठाबाहेरच्या कारागिराला का मिळू नये? गावातल्या वेल्डरने काजू फोडायचं यंत्र सुधारलं, तर आपल्या पतसंस्थेने नमुन्यापुरतं कर्ज त्याची कलमं किंवा जमीन गहाण न घेता द्यावं. पॉलिटेक्निकने ते यंत्र हंगामभर चालवून खरा निष्कर्ष लिहून द्यावा. आणि मुंबईत ज्यांचा शब्द चालतो अशा रत्नागिरीकरांनी त्याच्यासाठी तो शब्द खर्ची घालावा.